डावीकडची मॅट

शोरूममध्ये एसी इतका, की वैजयंतीने ओढणी दोन्ही खांद्यांवर घेतली
आणि मी उगाचच टायरला बुटाने एक हलकी लाथ मारली,
आमचे मामा मारायचे तशी.
त्यातून त्यांना काय कळायचं, मला अजून कळलेलं नाही.

सेल्समनचं नाव फैजान. तेवीस-चोवीसचा असेल.
त्याने मायलेज मला सांगितलं,
एअरबॅगा मला मोजून दाखवल्या,
आणि रंग तिला विचारला.

"चालवणार मी आहे," ती म्हणाली,
ऑफिसात सही कुठे करायची हे सांगावं
इतक्याच आवाजात.
फैजान गडबडला. मीही, किंचित,
ठरवून आलो होतो तरी.

तिच्या लायसन्सवरच्या फोटोत वेणी आहे.
केतकीच्या लशींच्या कार्डाखाली ते वीस वर्षं पडून होतं,
मुदत संपली म्हणून बाहेर आलं,
नवं होऊन परत त्याच कार्डाखाली गेलं.
मग तिची बदली झाली ऐरोलीला. माझं ऑफिस मरोळला.
एक गाडी दोन दिशांना जात नाही
हे आम्ही तीन महिने भांडून पाहिलं.

हप्त्याचा हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर जमला,
गाडी उभी करायचा मात्र जमेना.
सोसायटीत फ्लॅटमागे एकच पिवळा चौकोन.
सेक्रेटरी पोतनीस म्हणाले, "दुसरी हॉलमध्ये लावा.
तिथे कमिटी हरकत घेणार नाही."
शेवटी रेगेकाकूंनी आपला चौदा नंबर देऊ केला.
काकांची फियाट त्यांनी कधीच भंगारात काढली होती,
चौकोन राखून ठेवला होता.
"भाडं तुम्ही म्हणाल ते," त्या म्हणाल्या,
"फक्त खाली तेलाचा डाग आहे, तो धुऊ नका."

टेस्ट ड्राइव्हला तिने सीट पुढे ओढली,
अजून पुढे,
आरशात स्वतःला सोडून मागचा रस्ता बसवला.
फैजान मागे बसला, हॅंडल घट्ट धरून.
मी डावीकडे.

भांडुपच्या सिग्नलला गाडी बंद पडली.
पुन्हा पडली.
मागच्या टेम्पोने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.
"क्लच," मी म्हणालो.
"माहितेय," ती म्हणाली.
मग मेट्रोच्या पत्र्यांमधली ती चिंचोळी वाट,
समोरून उलटा येणारा रिक्षावाला,
आणि माझा उजवा पाय टाचेसकट
जोरात दाबला गेला
जिथे काहीच नव्हतं.

गाडी तरीही थांबली. तिने थांबवली होती.

घरी आल्यावर पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने
मी खाली गेलो, जुन्या गाडीचं डावं दार उघडलं,
मोबाइलचा उजेड पाडला.
डावीकडच्या मॅटला भोक आहे,
दोन रुपयांच्या नाण्याएवढं, टाचेच्या जागी.
मला ते ठाऊक होतं. दर दिवाळीत मी ती मॅट धुतो.
रबर हलकं निघालं म्हणून कुर्ल्याच्या दुकानदाराशी
मी एकदा तासभर वाद घातलाय,
आणि तो बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता,
साहेब, उजवीकडची बघा ना, ती कशी नव्यासारखी आहे.

अकरा वर्षं.
खंडाळ्याचा घाट, माझे फोन, माझे ओव्हरटेक,
आणि शेजारी ती, खिडकीबाहेर बघत,
एक शब्द न बोलता ब्रेक लावत.

वर आलो तर ती बुकिंगचा फॉर्म भरत होती.
मालकाचं नाव या रकान्यात
आधी माझं आडनाव, मग ती थांबली,
मग स्वतःचं नाव, जरा मोठ्या अक्षरात.
"बाटली?" तिने मान वर न करता विचारलं.
मी विसरलो होतो.

"चांगली चालवलीस," मी म्हणालो.
पायाचं काही बोललो नाही.

तिने फॉर्मची घडी घातली, चष्मा काढला.
"अ‍ॅक्सेसरीजमध्ये बाकी काही नको," ती म्हणाली,
"डावीकडची मॅट तेवढी जाड घेऊ.
तुला लागेल."